यशवंतकाकांचं बक्षीस

गाण्याच्या कार्यक्रमाला निघताना यशवंतकाका शर्टाच्या वरच्या खिशात एक कोरी नोट ठेवत. पाकीट मागच्या खिशात, त्याच्याशी या नोटेचा काही संबंध नाही. रिक्षावाल्याकडे सुटे नसले तरी ती निघायची नाही, चहाला कमी पडले तरी निघायची नाही. आणि बहुतेक वेळा ती जशी गेली तशीच घरी परत यायची. काकी ती डब्यात ठेवता ठेवता विचारायच्या, "का हो, आज पण नाय?" काका चपला काढत म्हणायचे, "आज नुसता आवाज होता."

ही नोट बक्षिसाची. आमच्याकडच्या गायन पार्ट्या ज्यांनी ऐकलेल्या नाहीत त्यांना हा रिवाज सांगायला हवा. जयंतीच्या दिवसांत कल्याण पूर्वेला गल्लोगल्ली मंडप पडतात आणि भीमगीतांचे सामने रंगतात. एखादी ओळ काळजाला भिडली की श्रोता जागचा उठतो, सरळ स्टेजवर चढतो आणि पेटीवर नोट ठेवून खाली येतो. गाणं थांबत नाही. बक्षीस घेऊन येणाऱ्याला कोणी अडवत नाही, उलट पाय आखडून वाट देतात. मग निवेदक माइकवर देणाऱ्याचं नाव घेतो. आता खरं सांगायचं तर निम्मे लोक ते नाव ऐकायलाच बक्षीस देतात, आणि निवडणूक जवळ आली की बक्षिसांचा नुसता पाऊस पडतो. काका नाव सांगत नसत. निवेदकाने फारच आग्रह केला तर म्हणायचे, "नाव घेतलं की बक्षीस माझं होतं. मग गाणाऱ्याचं काय राह्यलं?"

मी त्यांच्या शेजारच्या खोलीतला. महापालिकेत कारकून, आणि संगीतात अगदीच ढ. गाढवाला गुळाची चव काय, तशातली गत. तरी काका मला प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर न्यायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "तू मधेमधे बोलत नाहीस." ते स्वतः कोलशेतला एका कंपनीत पॅकिंगला होते आणि पाळी सांभाळून वर्षानुवर्षं एका पार्टीत ढोलकी वाजवत आले होते. पुढे बोटं आखडायला लागली तशी ढोलकी सुटली, पण कान काही सुटला नाही. अंगाने किरकोळ, केस तेल लावून चापून बसवलेले, शर्ट कायम पांढरा. आणि स्वभाव म्हणाल तर अर्ध्या शब्दात भडकणारा. चाळीत त्यांच्याशी पाण्यावरून भांडायला कोणी धजत नसे.

एकदा एका नावाजलेल्या गायकाचा कार्यक्रम होता. पेटी नोटांनी झाकून गेली. गायकाला काका ठाऊक होते, तो मधूनमधून आमच्या दिशेने बघायचा. काका हाताची घडी घालून बसून राहिले. त्याच्यानंतर एक नवखी बाई गायला आली. घाबरलेली होती, दुसऱ्या कडव्याला शब्दच विसरली. तिने काय केलं, तर पहिल्याच कडव्याची शेवटची ओळ परत धरली, आणि अशी धरली की सगळा मंडप गप्प झाला. काका उठले. तिने ती नोट कपाळाला लावली. परत येऊन बसल्यावर मला म्हणाले, "तो पाठ करून आलेला. ही आत्ता गायली."

त्यांची मुलगी प्रज्ञा लहानपणापासून त्यांच्या मांडीला मांडी लावून ढोलकी शिकली. पोरीच्या हातात ढोलकी कशाला, असं विचारणारे आमच्या चाळीतही निघाले. काकांनी एकाला ऐकवलं, "हाताला थोडीच ठाऊक असतं, तो पोराचा हाय का पोरीचा?" शाळेत असतानाच ती लहानसहान कार्यक्रमांना वाजवायला लागली. लोक तिला बक्षिसं देत, तिची ढोलकी कौतुकाने बघत. ती मात्र वाजवता वाजवता एकाच माणसाच्या वरच्या खिशाकडे बघायची. काकांनी तिला कधी बक्षीस दिलं नाही. मी एकदा म्हटलं, "काका, घरच्या माणसाला चालत नाही का?" तर म्हणाले, "चालतं की. होऊ दे ना. घाई कसली?" ही घाई नसणं त्या पोरीला किती लागत होतं हे त्यांना कळत नव्हतं, की कळून वळत नव्हतं, देव जाणे.

पुढे प्रज्ञाने साउंडचा कोर्स केला आणि ठाण्यात स्पीकर-मिक्सर भाड्याने देणाऱ्या एका माणसाकडे नोकरी धरली. हळूहळू तिच्या कॉटखाली यंत्रं जमायला लागली. बटणांची, दिव्यांची, तारांनी एकमेकांना जोडलेली. संध्याकाळी कामावरून आली की कानाला हेडफोन लावून ती त्यात बुडायची. सगळा ताल तिच्या कानात; बाहेर फक्त बटणांची टकटक. काका समोर बसून बघत राहायचे. एकदा न राहवून बोलले, "हे वाजवतं कोण? तू का ते?"

"मीच वाजवते पप्पा. ते फक्त लक्षात ठेवतं."

"मशीनला घाम येत नाय. ज्याला घाम नाय, त्याला बक्षीस कशाला?"

"मी मागितलं का बक्षीस?" ती म्हणाली. तिने मागितलं नव्हतं हे खरं, पण तिचा आवाज तेवढ्यापुरता चिरकला होता.

मग ती जयंती आली. आमच्याच गल्लीतला मंडप, काकांचीच जुनी पार्टी. पार्टीच्या प्रमुखाने त्या वर्षी नवं काहीतरी करायचं म्हणून ठरवलं की ताल प्रज्ञाच्या मशीनवर घ्यायचा. नेहमीचा ढोलकीवाला शिवराम, काकांच्या हाताखाली तयार झालेला. त्याला हे कोणी सांगितलंच नाही. तो बिचारा इस्त्रीचा कुर्ता घालून, ढोलकी खांद्याला लावून आला आणि स्टेजच्या पायरीशी उभा राहिला. गाणं सुरू झालं. प्रज्ञाने सुरेख वाजवलं, निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या कडव्याला काका उठले. लोकांना वाटलं, चला, आज पोरीला बक्षीस मिळणार. लोकांनी पाय आखडून वाट दिली. काका स्टेजवर चढले आणि त्यांनी मशीनची वायर उपटली.

मंडप एकदम मुका झाला. काका वरून ओरडले, "शिवराम, चढ वर!" शिवराम चढला नाही. तो इतका शरमला की ढोलकी घेऊन तडक घरी गेला.  प्रज्ञाने सगळ्या तारा एक एक करून गुंडाळल्या, पिशवीत भरल्या, आणि त्याच आठवड्यात ठाण्याला मैत्रिणींबरोबर राहायला गेली.

काका चुकले, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. शिवरामवर अन्याय झाला, पण तो पोरीने केला नव्हता. प्रमुखाची कॉलर धरायची, तर यांनी लेकीची वायर धरली. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तुला नाय कळायचं." नंतर बरेच दिवस ते कुठल्याच कार्यक्रमाला गेले नाहीत.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद. प्रज्ञा आईला भेटायला यायची ती काका घरी नसतील ती वेळ साधून. तिचं नाव मात्र व्हायला लागलं. मुंबईला, पुण्याला ती एकटी टेबलामागे उभी राहून तासभर वाजवायची आणि पोरं तिकीट काढून ऐकायला जायची. काकी मोबाइलवर तिच्या जाहिराती मला दाखवायच्या आणि डोळे पुसायच्या. काका तिकडे पाठ करून पेपर वाचत. पेपर कधी कधी उलटा धरलेला असे.

एक दिवस जिन्यात त्यांनी मला गाठलं. "कोलशेतला तिचा कार्यक्रम हाय म्हणे. तिकीट लागतं का?"

"लागतं."

"दोन काढ. तिला कळवू नको."

"कळवू या की. बरं वाटेल तिला."

"बक्षीस सांगून द्यायला जात नसतात," ते म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात आल्यावर घाईघाईने पुढे म्हणाले, "म्हणजे, द्यायचं झालंच तर."

रविवारी दुपारी माझ्या स्कूटरवरून निघालो. कशेळीचा पूल, बाळकुम, कोलशेत. कार्यक्रम एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये होता. काका म्हणाले, "आमची कंपनीची बस इथंच थांबायची." दारात आमच्या मनगटांवर शिक्के मारले. एका पोरीने काकांच्या हातात कानात घालायचे बोळे ठेवले. "आजोबा, आवाज जोरात असतो हं." काका म्हणाले, "कान झाकून ऐकायचं तर घर काय वाईट होतं?" आत खुर्च्या नव्हत्या. कोणीतरी धावत जाऊन त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली, तर ते बसेनात. खांबाला टेकून उभे राहिले आणि मला विचारू लागले, "गाणारा कधी येणार?"

"गाणारा नाही काका. ती एकटीच."

प्रज्ञा आली. काळा टी-शर्ट, केस कापलेले. टेबलावर तीच यंत्रं, आता जास्त. तिने मान खाली घातली आणि सुरू केलं. आवाज छातीत शिरत होता. पोरं डोळे मिटून डोलत होती. काकांची बोटं मांडीवर पडत होती, मात्रा मोजत होती, थांबत होती, पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. कपाळाला आठ्या. "तोंड पण वर करत नाय," एवढंच एकदा बोलले. बऱ्याच वेळाने खुर्चीवर बसले. मला वाटलं, कंटाळले. निघू या का विचारलं तर हाताने गप्प केलं.

आणि मग मधेच तो ताल लंगडल्यासारखा झाला. क्षणभर सगळं अडखळलं, आणि त्यातून दुसराच एक ठेका निघाला, जरा जाड, जरा वेडावाकडा. मला त्यात विशेष काही कळलं नाही. काकांचा हात मात्र मांडीवरून उचलला गेला. ते खुर्चीच्या टोकाशी आले, मान तिरकी करून ऐकत राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "आता दिलंच पायजे," ते म्हणाले, आणि खिशातली नोट काढून उठले.

मी त्यांना अडवायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण आमच्या मंडपात बक्षीस घेऊन निघालेल्या माणसाला अडवत नाहीत, आणि त्या घटकेला मीही आमच्याच मंडपात होतो. म्हाताऱ्या माणसाला पोरांनी वाट दिली. तरी गर्दीतून पुढे जायला वेळ लागला, तोवर ताल पुन्हा पहिल्यासारखा सरळ झाला होता. काका बाजूच्या पायऱ्यांवरून वर चढले. पेटीवर ठेवतात तशी नोट ठेवायला त्यांनी यंत्राकडे हात पुढे केला. प्रज्ञाने मान वर केली. तिला समोर बाप दिसला, आणि तारांकडे येणारा त्याचा हात दिसला. मुठीतली नोट दिसली नसणार, दिव्यांचा नुसता लखलखाट होता. तिने एका हाताने सगळ्या तारा पोटाशी घेतल्यासारख्या झाकल्या आणि दुसऱ्या हाताने बाउन्सरना खूण केली.

दोघांनी काकांना दंडाला धरून खाली आणलं. धक्काबुक्की झाली नाही, मुलं सभ्य होती. एक तर "चला बाबा, चला" म्हणत होता. संगीत थांबलं नाही. काकांनी मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "थांबा, संपलं की मी तिला सांगतो. तिचा गैरसमज झालाय."

"सांगायचं नाय."

"अहो पण का?"

"दाद त्या जागेलाच द्यायची असते. जागा गेली की मग ती माफी होते."

"मग माफीच समजा! ती तरी कुठे मागितलीय तुम्ही?"

मी इतका चढ्या आवाजात त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "माफी मागायला वेगळा जाईन. दोन्ही एकात घालू नको." कशेळीला चहाला थांबलो. पैसे देताना त्यांनी मूठ उघडली आणि ती चुरगळलेली नोट चहावाल्याला देऊन टाकली. उरलेले सुटेही घेतले नाहीत. मी दुसरीकडे बघत राहिलो.

माफी मागायला ते वेगळे गेले नाहीत. आधी पाऊस सरू दे म्हणाले, मग काकींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे म्हणाले. मी दोनदा आठवण केली, तेव्हा "जायचं हाय रे, जायचं हाय" म्हणाले. त्यांना जायचं होतं, यात मला शंका नाही. दिवाळीनंतर एका सकाळी छातीत कळ आली आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, लोक काकांविषयी बोलले, शिवरामही बोलला आणि बोलता बोलता रडला. प्रज्ञा कोरड्या डोळ्यांनी पाहुण्यांना पाणी देत होती. दुपारी माणसं पांगल्यावर ती गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसली.

"दादा, कोलशेतला तुम्हीच आणलेलं ना त्यांना?"

"हो."

"कशाला आणलंत? शेवटचं ते दिसले ते तसे दिसले मला. माझं बंद पाडायला आलेले. आता डोळे मिटले की तेच येतं."

काकांनी सांगू नको म्हटलं होतं. पण माणूस गेल्यावर त्याचा शब्द किती पाळायचा, आणि समोर बसलेल्या जिवंत माणसाला किती जाळायचं? सांगितलं तर तिला बापाची दाद मिळणार होती, आणि आपण ती कशी परतवली तेही तिला कळणार होतं. त्यातलं एकच सांगणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं. दोन तिकिटं, खांब, खुर्ची, मांडीवरची बोटं, "आता दिलंच पायजे" आणि नोट.

"नोट होती हातात?" तिने विचारलं.

"नोटच होती."

 मग तिने जे विचारलं ते माझ्या स्वप्नातही आलं नसतं. "कुठल्या जागेला उठले?"

"मला काय कळतंय त्यातलं, प्रज्ञा."

तिने मोबाइल काढला. त्या दिवशीचं सगळं रेकॉर्डिंग तिच्याकडे होतं. एक इअरफोन माझ्या कानात, एक तिच्या. आम्ही ऐकत बसलो. काकी आतून दोनदा चहाचं विचारून गेल्या. मला सगळं सारखंच वाटत होतं, आणि मी काहीतरी भलतीच जागा सांगून बसेन अशी भीती वाटत होती. मग तो ताल लंगडला, अडखळला, आणि तो जाड ठेका निघाला.

"हे बघ, इथे," मी म्हटलं. "इथेच उठले."

तिने रेकॉर्डिंग थांबवलं. "नक्की?"

"नक्की. हात मांडीवरून काढला तो इथेच."

"इथे मशीन अडकलेलं, दादा," ती म्हणाली. "त्याने लक्षात ठेवलेलं काहीच लागेना, नुसती बटणं चालत होती. मग ते चालू होईपर्यंत मी बटणांवर बोटांनी वाजवत राह्यले. घामाने हात घसरत होते. सगळ्यात वाईट तेवढंच झालं त्या दिवशी, असं मी आजपर्यंत समजत होते. म्हणून तर तारा झाकल्या मी. नुकतंच चालू झालेलं, आणि पप्पा हात पुढे करून आले."

 मग तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मला द्यायला आलेले, आणि मी त्यांना खाली उतरवलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. समजूत घालायला गेलो असतो तर ते खोटंच झालं असतं.